प्रोस्थोची तीन वर्षं कवळीत घालवायची का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी आणि इंटर्नशिप झाली, हडपसरला एका क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून काम करते, नीट-एमडीएसची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, तयारी चालू आहे. प्रोस्थोडॉन्टिक्स (गेलेल्या दातांच्या जागी कवळी, कॅप, ब्रिज बसवण्याची शाखा, बोलीत प्रोस्थो) आवडतं. पण क्लिनिकमधले सिनियर म्हणतात, ‘आता माप स्कॅनर घेतो, डिझाइन लॅबवाला करतो, इम्प्लांटचे, म्हणजे दातासाठी हाडात स्क्रू बसवण्याचे, चार वीकेंड कोर्स केले की काम सुरू. तीन वर्षं कवळ्या बनवायला शिकून काय मिळणार?’ तर प्रोस्थो घ्यावं का, आणि घ्यायचं तर पुण्यात कॉलेज कसं बघावं?

थेट सांगते. प्रोस्थो घेणार असशील तर कवळीसाठीच घे. फक्त इम्प्लांटसाठी घेणार असशील तर पुन्हा विचार कर. इम्प्लांट पेरिओवाले (हिरड्यांचे तज्ज्ञ) बसवतात, ओरल सर्जरीवाले बसवतात, आणि खरं सांगायचं तर पुरेसं हाड असेल तिथे स्क्रू बसवणं हा त्या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. तो नेमका कुठे, किती खोल आणि कोणत्या कोनात बसवायचा हे वर येणाऱ्या दातावरून ठरतं. तो दात कुठे यायला हवा हे ठरवायला कवळी शिकवते, दुसरं काही इतक्या कठोरपणे शिकवत नाही. हे तुझ्या सिनियरना सांगितलंस तर ते हसतील. हसू देत.

एक कॅप करताना तुला बरंच काही फुकट मिळालेलं असतं. शेजारचे दात उंची दाखवतात, समोरचे दात चावा दाखवतात, पेशंट दात मिटतो आणि जबडा आपल्या जागी जातो. पूर्ण कवळीत यातलं काहीच नसतं. दोन हिरड्या आणि मध्ये मोकळी जागा. चेहऱ्याची उंची किती ठेवायची, खालचा जबडा मागे-पुढे कुठे थांबवायचा, बोलताना ओठाखाली किती दात दिसावेत, चावण्याची पातळी कुठे आणायची, सगळं तू ठरवायचं. आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी पेशंट तुझ्यासमोर हजर. हाच प्रसंग पुढे तुझ्या सगळ्यात महागड्या केसमध्ये येतो. रात्री दात खाऊन सगळे दात अर्धे झिजवलेला पन्नाशीचा आयटीवाला आला की तिथेही उंची हरवलेली असते. चार-सहा इम्प्लांटवर अख्खा जबडा बसवायचा म्हणजे स्क्रूने पक्की केलेली कवळीच. ज्याला साधी कवळी जमत नाही त्याने ती स्क्रूने पक्की केली की चूकही पक्की होते.

आता ‘कवळी बनवायला शिकणं’ म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगते, कारण बीडीएसला आपण हे काम कोटा पूर्ण करण्यापुरतंच करतो. बॉर्डर मोल्डिंग, म्हणजे मापाच्या ट्रेची कड घडवणं, हे उदाहरण घे. ग्रीनस्टिक, म्हणजे गरम केली की मऊ होणारी मापाची कांडी, ज्योतीवर फिरवायची, ती लवायला लागली की स्पेशल ट्रेच्या कडेवर थोड्याथोड्या भागात लावायची, कोमट पाण्यात बुडवून तोंडाला सोसेल इतकी करायची आणि लगेच आत. मग गाल बाहेर, खाली आणि आत, ओठ वर, ‘आजी, जीभ बाहेर काढा, आता या गालाला लावा, आता त्या गालाला.’ बाहेर काढून कड दिव्याखाली धरायची. कड चकचकीत असेल तर तिथे गालाचा स्पर्शच झालेला नाही, पुन्हा करायचं. मंद, मऊसर, गोलाई आलेली दिसली तर तो भाग झाला. असं करत अख्खी कड फिरून झाली की वरचा ट्रे काढताना हाताला ओढ लागते. ती ओढ पहिल्यांदा जाणवते तेव्हा कळतं की आपण हिरडीचं नव्हे, गालाच्या आणि ओठाच्या हालचालीचं माप घेत होतो.

जॉ रिलेशन, म्हणजे दोन जबड्यांमधलं अंतर आणि त्यांची जागा ठरवणं, त्याहून कठीण. विलिस गेजने चेहऱ्याची उंची मोजा, हनुवटीवर आणि नाकाच्या टोकावर ठिपके काढा, जबडा विश्रांतीत असताना वरच्या आणि खालच्या कवळीमध्ये २ ते ४ मिलिमीटर जागा राहू द्या, हे पुस्तकात आहेच. पण मला सगळ्यात जास्त भरवसा मोजणीचा. ट्रायलच्या, म्हणजे मेणात लावलेले दात तोंडात बसवून बघण्याच्या, वेळी पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. जवळजवळ प्रत्येक आकड्यात ‘स’ आणि ‘ष’ येतो आणि त्या उच्चाराला वरखालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात. दात आपटल्याचा टकटक आवाज आला तर उंची जास्त झाली. ‘स’ मध्ये शीळ ऐकू आली तर पुढच्या दातांची जागा किंवा टाळूकडची जाडी बघायची. कान लावून बसावं लागतं. गॉथिक आर्च ट्रेसिंगमध्ये जबडा पुढे आणि दोन्ही बाजूंना सरकवताना टोकदार पिन प्लेटवर बाणासारखी खूण काढते. त्या बाणाचं टोक एकाच जागी पुन्हा पुन्हा आलं की समज, पेशंट आता तुझं ऐकतोय. ऐंशीच्या पुढच्या माणसाकडून ते करून घ्यायला कधीकधी अर्धी सकाळ जाते. ती अर्धी सकाळ देण्याची तयारी नसेल तर ही शाखा घेऊ नकोस, दुसरीकडे सुखी राहशील.

खालच्या कवळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण प्रॅक्टिसमध्ये जास्त तक्रारी तिच्याच. टॅलग्रेन यांचा १९७२ चा अभ्यास आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो: दात गेल्यावर पंचवीस वर्षांच्या काळात खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या जवळजवळ चौपट झिजतं. सदाशिव पेठेतली आजी हेच वेगळ्या शब्दांत सांगते, ‘वरची अगदी छान बसते हो, खालची मात्र जिभेबरोबर नाचते.’ २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी मांडलं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर (इम्प्लांटवर अडकवलेली, काढता-घालता येणारी कवळी) हा पहिला पर्याय मानावा. इथे तुझे वीकेंडवाले आणि तीन वर्षं शिकलेले यांच्यातला फरक दिसतो. दोन इम्प्लांट सुळ्यांच्या जागी, शक्यतो समांतर, इतकं कुणीही सांगेल. पण त्यावर लोकेटर किंवा बॉल, म्हणजे कवळी अडकवायची बटणं, बसणार, त्यावर अ‍ॅक्रिलिकची जाडी, त्यावर दात. एवढी उभी जागा त्या तोंडात आहे का? दोन्ही इम्प्लांट जोडणारा बार करायचा असेल तर त्याहून जास्त लागते. हे आधी मोजायचं असतं, आणि मोजायचं कशावर, तर चांगल्या ट्रायल कवळीवर. ती नीट केलेली नसेल तर वर्षभरात कवळी नेमकी अ‍ॅटॅचमेंटच्या जागी तडकते, आणि दोष ‘मटेरियल’वर जातो.

दुसरं उदाहरण. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे सहा-आठ स्वतःचे दात, असे पेशंट आपल्याकडे ढिगाने आहेत. केली यांनी १९७२ मध्ये या अवस्थेचं जे वर्णन केलं ते पुस्तकात कॉम्बिनेशन सिंड्रोम म्हणून असतं: वरच्या जबड्याचं पुढचं हाड झिजून हिरडी लोंबती होते, पुढचा भाग दाबला की कवळी मागून सुटते. पेशंट तक्रार करतो वरच्या कवळीची आणि कारण असतं खालच्या मागच्या मोकळ्या जागेत. नवी वरची कवळी दहा वेळा केलीस तरी ती सुटणारच. हे निदान कोणताही स्कॅनर करत नाही.

स्कॅनरविरोधी मी नाही, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर ‘मॅडम जुन्या वळणाच्या’ म्हणून विषय मिटेल. मॉर्मान यांचं सेरेक १९८५ मध्ये आलं, म्हणजे चेअरजवळ स्कॅन करून दात कोरून काढणं ही काही कालची गोष्ट नव्हे. एका दातासाठी, छोट्या ब्रिजसाठी स्कॅन उत्तम. माप घ्यायच्या अल्जिनेटच्या लगद्यामुळे ओकारी येणाऱ्या पेशंटसाठी तर वरदानच, आणि एप्रिल-मेच्या पुणेरी उकाड्यात मिसळता मिसळताच सेट होणाऱ्या अल्जिनेटपासूनही सुटका. पण स्कॅनर छोटी छोटी चित्रं घेतो आणि गोधडीचे तुकडे जोडावेत तशी ती जोडत जातो. प्रत्येक जोडात किंचित चूक, आणि पूर्ण कमानीत शेवटच्या दाढेपर्यंत ती साचत जाते. दात नसलेल्या जबड्यात तर जोडायला ठळक खुणाच कमी. शिवाय स्कॅनर हिरडी जशी स्थिर आहे तशी टिपतो. वर सांगितलेली गाला-ओठाची हालचाल तो टिपत नाही.

दाताच्या प्रेपमध्येही, म्हणजे कॅपसाठी दात घासण्यातही, तेच. हिरडीखाली गेलेलं, रक्तात बुडालेलं मार्जिन (घासलेल्या भागाची कड) डोळ्याला दिसत नाही ते स्कॅनरला दिसत नाही. हिरडीत कॉर्ड (दोरा) घालून, रक्त थांबवून, हिरडी बाजूला करूनच स्कॅन घ्यावा लागतो, म्हणजे पुट्टी-लाइट बॉडीने हाताने माप घेताना जे करत होतो तेच. पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या लॅबच्या डिझायनरला विचार, दिवसातून किती वेळा क्लिनिकला फोन करून ‘डॉक्टर, मार्जिन कुठे धरू?’ विचारावं लागतं. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘तुम्हाला दिसेल तिथे धरा.’ मग तो अंदाजाने रेघ ओढतो. सॉफ्टवेअर ती रेघ तितक्याच अचूकपणे कोरून देतं. एखादी झिर्कोनियाची कॅप सारखी निघून हातात येते तेव्हा सिमेंट बदलण्याआधी प्रेप बघायची. दोन्ही बाजूंचा मिळून उतार १० ते २० अंशांत आहे का, दाढेची उंची किमान ४ मिलिमीटर उरली आहे का? नसेल तर खाच, बॉक्स, काहीतरी पकड द्यावी लागते. ते हाताने करायचं असतं आणि ते शिकायला शंभर दात घासावे लागतात, आधी टायपोडोंटच्या नकली दातांवर, मग तोंडात.

तीन वर्षांत जातं काय ते आता. पहिल्या वर्षी प्रीक्लिनिकल: दात लावणं, वॅक्स-अप (मेणात दात घडवणं), कास्टिंग (धातू ओतणं), आर्टिक्युलेटर (जबड्याच्या हालचालीची नक्कल करणारं यंत्र), फेसबो (वरच्या जबड्याची जागा त्या यंत्रावर नेणारं साधन). वर्षाअखेर बेसिक सायन्सेसची पार्ट वन. सोबत सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), लायब्ररी डिसर्टेशन. थिसिसबद्दल फार लिहीत नाही; गाइड चांगला असेल तर विचार करायला शिकवतो, नसेल तर सही करतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केसेस. रात्री लॅबमध्ये पीओपीच्या धुळीत बसून फ्लास्किंग (मेणाची कवळी साच्यात बसवणं), डीवॅक्सिंग (मेण वितळवून काढणं), अ‍ॅक्रिलिक मळलेल्या कणकेसारखं झालं की पॅकिंग (ते साच्यात भरणं). हे अ‍ॅक्रिलिक दंतवैद्यकात १९३७ च्या सुमाराला आलं आणि आज मिल केलेल्या, प्रिंट केलेल्या कवळ्या येऊनही कॉलेजांतल्या बहुतेक कवळ्या त्याच्याच होतात. पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) हे टेक्निशियनचं काम वाटतं आणि ते वैतागतात. पण स्वतः पॅकिंग केलेल्या माणसालाच कळतं की प्रोसेसिंगनंतर बाइट उंच का आली, आणि लॅबवाला ‘तुमचंच माप चुकलं’ म्हणतो तेव्हा तो खरं बोलतोय की नाही. तिसऱ्या वर्षाअखेरच्या प्रॅक्टिकलला कवळीची केस टाळता येत नाही. ट्रायलला दात लावून झाल्यावर परीक्षक पेशंटला बोलायला लावतात, आणि मग तुझी तीन वर्षं सगळ्यांना ऐकू येतात.

या शाखेतला एक भाग असा आहे की तो कोणत्याच वीकेंड कोर्समध्ये नाही आणि ज्यासाठी मला वाटतं निदान काहींनी तरी तीन वर्षं द्यायलाच हवीत. मॅक्सिलोफेशियल प्रोस्थेटिक्स, म्हणजे गेलेल्या जबड्या-चेहऱ्याच्या भागाची कृत्रिम भरपाई. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. तंबाखू-चुना मात्र चालूच, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत बायका अजून मिशरी लावतात. त्यामुळे तोंडाचे कॅन्सर येत राहतात आणि जबडे कापावे लागतात. त्यात २०२१ ची दुसरी लाट. कोविडमधून उठलेल्या, साखर वाढलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस झाला, आणि महाराष्ट्र हे सगळ्यात जास्त केसेस असलेल्या राज्यांपैकी एक. जीव वाचवायला सर्जननी वरचा जबडा काढला. नंतर हे सगळे पेशंट आले कुणाकडे? प्रोस्थोच्या ओपीडीत.

टाळूला भोक पडलेला माणूस पाणी प्यायला की ते नाकातून येतं. तो चारचौघांत जेवत नाही. बोलताना हवा नाकातून निसटते म्हणून ‘ब’ चा ‘म’ होतो. जुन्नरकडचा एक शेतकरी आला होता, त्याचं ‘भाकरी’ म्हटलेलं त्याच्या बायकोलाच कळायचं. अशा वेळी ऑब्ट्युरेटर करायचा: कवळीसारखीच प्लेट, पण तिचा एक भाग त्या पोकळीत जाऊन ती बंद करतो. ऑपरेशनच्या टेबलावर बसवायचा वेगळा, जखम भरत असतानाचा वेगळा आणि शेवटचा वेगळा. उरलेले दात कोणत्या बाजूला आहेत त्यावर अरामनी यांनी १९७८ मध्ये केलेलं वर्गीकरण आजही डिझाइनला उपयोगी पडतं, कारण प्लेट उचलून धरायला तेवढेच दात उरलेले असतात आणि आखणी चुकली तर तेही हलतात. पोकळीतला भाग जड झाला की प्लेट खाली ओढली जाते, म्हणून तो आतून पोकळ करतात. तोंड उघडत नसेल, आणि गुटखा-सुपारीच्या फायब्रोसिसमध्ये जेमतेम दोन बोटं उघडतं, तर ट्रेच आत जात नाही. मग माप दोन तुकड्यांत घ्यायचं आणि बाहेर जोडायचं. त्या शेतकऱ्याला प्लेट बसवल्यावर पेलाभर पाणी दिलं. त्याने सवयीने नाकाला रुमाल लावला, पाणी प्यायला, आणि रुमाल उलटसुलट करून बघितला, कोरडा होता. मग मोठ्याने बायकोला म्हणाला, ‘बाई, भाकरी आणलीस का?’ ‘ब’ आणि ‘भ’ दोन्ही स्पष्ट. या कामात पैसे नाहीत, हेही आताच सांगून ठेवते.

पैशाचं उघड बोलू. अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांत फी भरमसाट असते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती कमी म्हणता येणार नाही. कर्ज काढून येणार असशील तर पुढचं गणित आधी मांड. पुण्यात नवा एमडीएस बहुधा कन्सल्टंट म्हणून सुरुवात करतो: गाडीत बॅग, सोमवारी कोथरूड, मंगळवारी पिंपरी, बुधवारी चाकण, रविवारी बारामती. एन्डोवाल्याला हे जीवन मानवतं, कारण तो एका बैठकीत रूट कॅनाल उरकून पुढे जातो. आपली केस पाच-सहा बैठकांची, डिलिव्हरीनंतर कवळी टोचते म्हणून पेशंट पुन्हा येतो, आणि तेव्हा तू दुसऱ्या गावी असतेस. तो क्लिनिकवाला स्वतःच बर घेऊन कड घासतो, आणि घासताना पकड घालवतो. म्हणून माझा सल्ला, एक-दोन खुर्च्या धरून ठेव जिथे आठवड्याला ठरलेल्या वारी तू असतेस आणि रीकॉलही (पुन्हा तपासणीही) तूच बघतेस. टक्केवारी ठरवताना लॅबचं बिल आधी वजा करायचं की नंतर, आणि केस पुन्हा करावी लागली तर तो खर्च कुणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घे. सगळी भांडणं इथेच होतात.

वीकेंड कोर्सबद्दलही अन्याय नको. मी स्वतः केलेत, आजही करते. एखाद्या कंपनीची सिस्टिम, ड्रिलचा क्रम, नवं मटेरियल शिकायला ते चांगले. कायद्याने बीडीएसला इम्प्लांट बसवता येतो. फक्त स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घ्यायला मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी लागते. त्या कोर्समध्ये शिकवत नाहीत ते म्हणजे कुणाला इम्प्लांट बसवायचा नाही. साखर आटोक्यात नसलेला, हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट घेणारी बाई, मानेला रेडिएशन झालेला, दात खाणारा आणि तरी नाइट गार्डला नकार देणारा. या सगळ्यांना ‘तुम्हाला साधी कवळीच बरी’ सांगण्याची हिंमत तेव्हाच येते जेव्हा साधी कवळी तुला खरोखर चांगली करता येते. नाहीतर नाइलाजाने प्रत्येकाला स्क्रू सुचवावा लागतो.

परदेशाचा विचार मनात असेल तर एवढंच: इथल्या एमडीएसवर अमेरिकेत थेट लायसन्स मिळत नाही. आयएनबीडीई ही तिथली परीक्षा द्यावी लागते आणि मग एक तर तिथल्या डेंटल स्कूलमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगने (थेट वरच्या वर्षात प्रवेश घेऊन) पुन्हा पदवी, किंवा तिथला मान्यताप्राप्त प्रोस्थो प्रोग्राम, जो जवळजवळ तीन वर्षांचाच असतो आणि ज्यावर काही राज्यंच लायसन्स देतात. म्हणजे जायचंच नक्की असेल तर इथली तीन वर्षं आणि फी आधी खर्च करावी का, हा हिशोब घरी बसून कर. इथे केलेलं काम हाताला उपयोगी पडतं, कागदाला फारसं नाही.

नीट-एमडीएसचं फार सांगत नाही, क्लासवाले सांगतातच. २४० प्रश्न, तीन तास, बरोबरला चार, चुकीला वजा एक. डेंटल मटेरियल्स नीट कर. ते पार्ट ए मध्ये आहे, आणि प्रोस्थोला आलीस तर जिप्समचं पाणी-पावडर प्रमाण आणि अल्जिनेटची सेटिंग रिअ‍ॅक्शन रोज हातात येणार. पाठ करण्यापेक्षा क्लिनिकमध्ये थंड आणि कोमट पाण्यात अल्जिनेट मिसळून घड्याळ लावून बघ.

आता कॉलेज. पुण्यात धनकवडीचं भारती विद्यापीठ आणि पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठांची कॉलेजं, त्यांचं प्रवेशाचं समुपदेशन केंद्राच्या एमसीसीकडून होतं. कॅम्पमधलं आझम कॅम्पसचं रंगूनवाला आणि वडगावचं सिंहगड ही नाशिकच्या विद्यापीठाशी संलग्न, तिथे राज्याचा सीईटी सेल. कुठे किती जागा आणि काय फी, ते त्या वर्षीच्या सीट मॅट्रिक्समध्येच (जागांच्या तक्त्यात) बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. क्रमवारी मी लावणार नाही, आणि लावली तरी दोन वर्षांत स्टाफ बदलला की ती खोटी ठरते.

त्याऐवजी सुट्टी काढून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी प्रोस्थोच्या ओपीडीत जाऊन बस. पूर्ण बोळके पेशंट किती येतात, ते स्वतःहून येतात की पीजींना नातेवाईक गोळा करून आणावे लागतात, ते दिसेल. मग पीजींच्या लॅबमध्ये डोकाव. कास्टिंग मशीनवर धूळ असेल आणि सगळं काम बाहेरच्या लॅबला जात असेल तर तिथला नवा कोरा स्कॅनर बघून भुलू नकोस. आर्टिक्युलेटर कपाटात ओळीने ठेवलेत की मॉडेल लावलेले, पीओपीने माखलेले टेबलावर पडलेत? मला दुसरे आवडतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला एकट्याला गाठून तीन गोष्टी विचार: इम्प्लांटच्या केसमध्ये सर्जरी तुम्ही स्वतः करता की बघता, इम्प्लांटचा खर्च पेशंट देतो की तुम्ही, आणि तुमच्या पहिल्या वर्षीच्या कवळीचे पेशंट अजून तपासायला येतात का. तिसऱ्या प्रश्नाला तो नुसता हसला तर तेही उत्तरच आहे. एखादी मॅक्सिलोफेशियल केस दाखवायला सांग. दाखवायला काही असेल तर तो आनंदाने फोनमधले फोटो काढेल.

आणि ऑप्शन भरताना पुण्याचा हट्ट धरू नकोस. मुंबईचं सरकारी कॉलेज, महापालिकेचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, इथे फी कमी आणि पेशंट भरपूर असतात. रिकाम्या ओपीडीतल्या पुण्याच्या जागेपेक्षा गर्दीतली नागपूरची जागा मी वर टाकेन. रँक कमी आला आणि प्रोस्थो मिळालंच नाही तर मिळेल ती शाखा घेऊन मोकळी होऊ नकोस. वर्षभर एखाद्या प्रोस्थोडॉन्टिस्टकडे काम कर, तिथल्या प्रत्येक केसचं डायग्नोस्टिक वॅक्स-अप स्वतः कर, मॉडेल आर्टिक्युलेटरवर लाव, लॅबमध्ये जाऊन आपलीच मापं ओतताना बघ, आणि पुन्हा परीक्षेला बस. हडपसरमध्ये राहूनही हे होण्यासारखं आहे, फक्त सध्याच्या क्लिनिकमध्ये आर्टिक्युलेटर आहे का ते आधी बघ.